साइड व्हॉल्व्ह मॉरिसला घरी केलेलं तांब्याचं हेड गॅसकेट: जमतं, पण पत्र्याआधी हेड बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांची साइड व्हॉल्व्ह (म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्ये असलेली) मॉरिस मायनर, दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरला कॉम्प्रेशन नाही, हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, उतरवल्यावर मधलं गॅसकेट त्या दोघांच्या मध्ये जळालेलं निघालं, नवं कुठं मिळेना. म्हणून भांड्यांच्या दुकानातून २२ गेजचा तांब्याचा पत्रा आणलाय. तो स्वयंपाकाच्या गॅसवर नरम करून कापला तर चालेल का?

गॅसकेट घरी होतंय. पण २२ गेज नको, स्वयंपाकाचा गॅस नको, आणि पत्र्याला कात्री लावायच्या आधी एक काम आहे त्याचा तुमच्या प्रश्नात उल्लेखच नाही. ते म्हणजे हेड आणि ब्लॉक सपाट आहेत का हे बघणं. मी सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टर्निंगचं छोटं वर्कशॉप चालवतो, पोट पॉवरलूमच्या पार्टवर भरतं, जुन्या गाड्या हा रविवारचा नाद. आतापर्यंत जेवढी तांब्याची गॅसकेट गळालेली पाहिली, त्यातल्या बहुतेकांत तांब्याचा दोष नव्हता.

तुमचं जुनं गॅसकेट म्हणजे वर-खाली तांब्याचा पातळ पत्रा आणि मध्ये ॲस्बेस्टॉस, असं सँडविच. मधला थर दबतो, त्यामुळं पृष्ठभागात थोडाफार खड्डा असला तरी तो भरून घेतो. अख्खं तांबं असं दबत नाही. कितीही नरम केलं तरी ते केसाएवढी रेघ झाकेल, खड्डा झाकणार नाही. म्हणून सँडविच गॅसकेटवर वर्षानुवर्षं चाललेलं वाकडं हेड तांब्यावर पहिल्याच दिवशी पाणी सोडतं, आणि मग माणूस तांब्याला शिव्या घालतो.

(ते जुनं गॅसकेट कोरडं खरवडू नका. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही. पाणी मारून ओलं ठेवा, ओलंच काढा, पिशवीत बांधून ठेवा, पुढं मापाला लागेल. वायर ब्रश लावलेलं ग्राइंडर तर त्याच्या जवळपासही नको.)

आता मोजमाप. चांगली स्ट्रेट एज, म्हणजे अगदी सरळ धारेची पोलादी पट्टी, घ्या. शाळेची स्टीलची पट्टी नव्हे. हेडवर उभी, आडवी आणि दोन्ही तिरक्या अंगानं ठेवून खाली फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पोलादी पानं) घालून बघा. ०.०५ मिलिमीटरचं पान सरकत असेल तर तांब्यासाठी ते हेड वाकडं समजा. साइड व्हॉल्व्हचं हेड बिडाचं, पातळ आणि लांब असतं, एकदा गरम झालं की मध्ये कमान येतेच. फेसिंग मारायला, म्हणजे मशीनवर सपाट करायला, द्यायचं तर देतानाच सांगा की कमीत कमी घ्या. एकदा माझं हेड एका ठिकाणी टाकलं होतं, त्यांनी "साहेब, मस्त आरसा केलाय" म्हणून परत दिलं. आरसा होता खरा, पण मटेरियल इतकं खाल्लं होतं की व्हॉल्व्ह उघडले की हेडच्या छताला लागायला लागले. थोडंच वाकडं असेल तर घरी जाड काचेवर एमरी पेपर चिकटवून, रॉकेल टाकत, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत घासा. दोन संध्याकाळी जातील, पण किती निघतंय ते तुमच्या हातात राहतं.

ब्लॉककडं मात्र कुणी बघत नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षं नट आवळून आवळून स्टडच्या (हेड धरून ठेवणाऱ्या, ब्लॉकमध्ये बसवलेल्या आट्याच्या दांड्यांच्या) भोवतीचं बीड वर ओढलं जातं आणि प्रत्येक स्टडपाशी बारीक उंचवटा तयार होतो. स्टड जागेवर असताना तो दिसत नाही, स्ट्रेट एजही नीट बसत नाही. सगळे स्टड काढा. अडकला असेल तर गरम करा, तेल सोडा, रात्रभर ठेवा, जोर नको. मग तेलाचा दगड सपाट फिरवला की भोकाभोवती चकाकणारं कडं दिसेल. तोच तुमचा शत्रू. तो उतरवा आणि भोकाच्या तोंडाला हलकी चॅम्फर (तिरकी कड) द्या, म्हणजे पुन्हा वर येणार नाही.

पत्र्याची जाडी. २२ गेज म्हणजे जेमतेम ०.७१ मिलिमीटर. तुमचं इंजिन ९१८ सीसीचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ५७ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिलिमीटर. एका सिलिंडरचे सुमारे २३० सीसी, कॉम्प्रेशन रेशो साडेसहाच्या आसपास, म्हणजे वरची जागा साधारण ४२ सीसी. साइड व्हॉल्व्हमध्ये गॅसकेटचं तोंड बोअरपुरतं नसतं, शेजारच्या व्हॉल्व्हची जागाही त्यात येते. ढोबळ ५० चौरस सेंटिमीटर धरू. जुनं दबलेलं गॅसकेट १.३ मिलिमीटर असेल आणि तुम्ही ०.७ टाकलंत, तर तीन सीसी कमी होऊन रेशो सातच्या जवळ जाईल. आजच्या पेट्रोलला त्याचं काही वाटत नाही. पण हेड अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली आलं, आणि ते आधी कुणी फेस केलेलं असेल, तर व्हॉल्व्ह वर डोकं आपटणार. मुलांच्या खेळण्यातली माती व्हॉल्व्हवर ठेवा, जुनं गॅसकेट घालून हेड हलकं आवळा, हातानं इंजिन दोन फेरे फिरवा, उघडा आणि माती कापून उरलेली जाडी मोजा. किती पातळ पत्रा चालेल ते लगेच कळेल. माझा कल १८ गेजकडं, म्हणजे १.२२ मिलिमीटर. दीड फूट बाय सात इंचाचा तुकडा एक किलोच्या आतबाहेर भरतो, आणि तांबं किलोवर मिळतं, त्यामुळं एक जादा तुकडा घ्याच. पहिला बिघडतो.

कापताना जुन्या गॅसकेटचीच भोकं घ्या, ब्लॉकची नको. ब्लॉकमध्ये पाण्याची भोकं मोठी दिसतात आणि गॅसकेटमध्ये काही मुद्दाम लहान असतात, काही बंदच असतात. पाणी मागच्या सिलिंडरपर्यंत पोचावं म्हणून कंपनीनं ते तसं ठेवलेलं असतं. तुमच्या गाडीला वॉटर पंप नसेल, नुसत्या थर्मोसायफनवर (गरम पाणी आपोआप वर, गार खाली) पाणी फिरत असेल, तर हे आणखी महत्त्वाचं. "मोकळं केलं तर गार राहील" म्हणून सगळी भोकं मोठी केलेली एक गाडी माझ्याकडं आली होती. पुढचे दोन सिलिंडर गार, मागचे दोन तापलेले. दुसरं, बोअरचं भोक बोअरपेक्षा सगळीकडून एकेक मिलिमीटर मोठं ठेवा. आत डोकावणारी तांब्याची कड लाल होते आणि प्लगच्या आधीच मिश्रण पेटवते.

पत्रा नुसता ड्रिल करू नका. तांबं ड्रिलला धरतं, पत्रा गरगर फिरतो आणि बोटं सोलून काढतो. दोन प्लायवुडच्या मध्ये पत्रा दाबून बोल्टनं आवळा, वर जुनं गॅसकेट ठेवून आखणी करा, ते बाजूला काढा आणि मग प्लायसकट भोकं पाडा. लहान भोकांना ड्रिलच्या धारेवर दगड मारून ती थोडी बोथट करा, म्हणजे चावत नाही. मोठ्यांना होल सॉ किंवा फ्लाय कटर, आणि व्हॉल्व्हकडचा वेडावाकडा आकार बारीक पात्याच्या करवतीनं, मग कानशीनं. माझे उस्ताद तांब्यावर दूध लावून ड्रिल मारायचे आणि आम्हा पोरांना वाटायचं, म्हातारा येडा झालाय. पण दुधानं खरंच कट स्वच्छ येतो. रॉकेलनंही येतो आणि नंतर वास मारत नाही. शेवटी प्रत्येक कडेची बर (कापल्यावर उरलेली धारदार कड) दोन्ही बाजूंनी उतरवा. नखाला लागतेय म्हणजे ती हेडलाही लागणार.

आता नरम करणं. तांबं ठोकलं, वाकवलं, दाबलं की कडक होतं. मठारकामाची घागर आठवा; ठोक्यांनीच तिला ताठपणा येतो, आणि घडवताना तांबट ती मध्येमध्ये भट्टीत घालून पुन्हा नरम करतो. गॅसकेटचंही तसंच. म्हणून कापणं, घासणं सगळं आधी आणि तापवणं शेवटी. घरच्या बर्नरवर दीड फुटी पत्रा एका वेळी कधीच लाल होणार नाही, तांबं उष्णता पसरवून टाकतं, आणि थोडं इथं थोडं तिथं तापवलं तर काही भाग कडकच राहतो. विटा मांडून त्यावर पत्रा आडवा ठेवा, दोघांनी दोन मोठे गॅस टॉर्च दोन्ही टोकांकडून मध्यापर्यंत आणा, मंद लाल रंग सगळीकडं येऊ द्या. हे संध्याकाळी अंधार पडल्यावर करा. आपल्या सोलापूरच्या दुपारच्या उन्हात मंद लाल रंग दिसतच नाही. दिसायला लागेपर्यंत पत्रा फार पुढं गेलेला असतो, आणि तांबं १०८५ अंशांना वितळतं. त्याहून सोपं म्हणजे एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटवाल्याच्या भट्टीत पाचशे अंशांना अर्धा तास. ते एवढ्याशा कामाचे चहाचेच पैसे घेतात.

ॲसिटिलीनचा टॉर्च असेल तर ऑक्सिजन कमी असलेली, लांब पिवळट पिसाऱ्याची ज्वाला वापरू नका. विजेच्या कामाच्या तांब्यात किंचित ऑक्सिजन असतो. तसल्या ज्वालेतला हायड्रोजन आत शिरून त्याची वाफ करतो आणि पत्रा बिस्किटासारखा ठिसूळ होतो.

पाण्यात बुडवायचं की हवेत गार करायचं यावर वाद घालणारे भेटतील. तांबं पोलादासारखं पाण्यानं कडक होत नाही, दोन्हीनं नरमच राहतं. मोठा पातळ पत्रा पाण्यात वाकतो म्हणून मी हवेतच सोडतो. वर काळी साय येते ती चिंच-मीठ लावून घरच्या भांड्यासारखीच घासा. गॅसकेट एका हातात धरल्यावर ओल्या कापडासारखं लोंबायला हवं. आणि त्यानंतर त्याला हातोडीनं सपाट करायचा मोह आवरा. माझं पहिलं मी लाकडी हातोडीनं ठोकून "सरळ" केलं होतं. तुळजापूरच्या घाटात पाण्यानं हात दाखवला. ठोकलेल्या जागाच गळत होत्या. सरळ करायचं तर दोन जाड सपाट प्लेटांमध्ये हळू दाबा, किंवा तसंच बसवा, हेड ते सरळ करतं.

तुमचं नशीब एवढं की इंजिन साइड व्हॉल्व्ह आहे. वर रॉकर (हेडवरून व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) नाही, त्यामुळं हेडमधून तेल जात नाही. गॅसकेटला जळणारा वायू आणि पाणी एवढंच अडवायचंय. वायू तांबं स्वतः अडवतं. पाण्यासाठी दोन्ही अंगांना कॉपर स्प्रेचा पातळ हात किंवा पाण्याच्या भोकांभोवती शेलॅकची (लाखेच्या द्रावणाची) बारीक रेघ, बस. सिलिकॉन नको, दाबल्यावर त्याचे शेवाळासारखे तुकडे पाण्याच्या वाटेत जातात.

नट मधून बाहेरच्या दिशेनं, चार टप्प्यांत, आटे तेलानं ओले करून, शेवटचा टॉर्क (आवळायचा जोर) तुमच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलाच. इंजिन गरम करा, पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा आवळा. मग साधारण ३०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. पाणी बोअरवेलचं घालू नका, केटलीत तळाला काय बसतं ते तुम्हाला माहीतच आहे. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट.

हे वाचून कुणी पद्मिनीला किंवा ॲम्बेसेडरला तांबं घालायला निघाला असेल तर थांबा. त्यांचं तयार गॅसकेट मिळतंय तोवर तेच घाला. शिवाय पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं, तिथं तांबं, ॲल्युमिनियम आणि पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. आणि दोन्ही इंजिनांत रॉकरचं तेलही हेडमध्ये जातं, ते अडवायचं काम वेगळं.

आणि हो, खोललेलं आहे तोवर गॅसकेट का जळालं तेही शोधा. दोन सिलिंडरच्या मधली पट्टी अरुंद, म्हणून ती आधी जाते, पण बहुतेकदा गाडी तापल्यावरच. रेडिएटर आणि ब्लॉकमधला गाळ काढा. तुमचा २२ गेजचा पत्रा परत घेत नसतील तर मॅनिफोल्डच्या वॉशरना कामाला येईल. स्टड निघाले की फीलरचे आकडे कळवा. नाहीतर सरळ रविवारी सकाळी हेड डिक्कीत टाकून वर्कशॉपला या, सपाटी तपासायची सरफेस प्लेट आहे, बघू.