उत्तर: डाळ मिलला सोलर, ड्रायर की तुरीचा साठा? आधी काय अडतंय ते बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नागपूरच्या कळमन्याजवळ डाळ मिल. संध्याकाळच्या विजेचा दर चढल्यानं बिल जड झालंय. सोलरवाला म्हणतो वाळवणाच्या स्लॅबवर अर्ध्या जागेत पॅनल लावा, मशीनवाला म्हणतो ड्रायर घ्या, अडत्या म्हणतो आत्ताच तूर भरून ठेवा. इंजिनिअरिंगला असलेल्या मुलीनं ‘ऑपरेशन्स रिसर्च (मर्यादित साधनं कुठं, किती वापरावी याचं गणित) लावून बघा’ सुचवलं, आणि हे एवढ्या धंद्याला लागू पडतं का असं तुम्ही विचारताय. नक्की पडतं. फक्त हे तीन वेगळे प्रश्न धरू नका. पैसा, जागा आणि वीज तिन्ही एकमेकांत अडकलेत, म्हणून तिन्ही एकाच कागदावर मांडावे लागतील.

तुम्ही दिलेले आकडे असे. स्लॅब 4,000 चौरस फूट, त्यावर एका वेळी 120 क्विंटल तूर पसरते, वाळायला 3 दिवस. म्हणजे रोज 40 क्विंटल. मिल तासाला 6 क्विंटल काढते आणि 10 तास चालू शकते, म्हणजे 60 क्विंटल. लोड 60 किलोवॉट. सीसी लिमिट, म्हणजे बँकेनं धंद्याला दिलेल्या कॅश क्रेडिटची मर्यादा, 1 कोटी 20 लाख. तूर घेतल्यापासून डाळीचे पैसे हाती येईपर्यंत 40 दिवस जातात. जे तुम्ही दिलं नाही ते मी धरून चालतो: तूर 7,000 रुपये क्विंटल, फटका-चुनी-भुसा सगळं विकून, खर्च आणि व्याज वजा जाता क्विंटलमागे 250 रुपये, विजेचा मूळ दर युनिटला 9 रुपये. हे तीन आकडे तुमच्या वहीतून दुरुस्त करून घ्या, रीत तीच राहील.

आता बघा. मिल 60 ची, ओटा, म्हणजे तुमचा वाळवणाचा स्लॅब, 40 चा. मिलची क्षमता वाढवलीत तर एक दाणाही जास्त निघणार नाही, म्हणजे तुमच्यासाठी मिलच्या जादा तासाची किंमत शून्य आहे. ओट्याचं तसं नाही. त्यावर 3 क्विंटल जास्त मावले तर रोज 1 क्विंटल जास्त निघेल, म्हणजे 250 रुपये. एखादी अट एका मापानं सैल केली तर नफा कितीनं वाढेल, या आकड्याला शॅडो प्राइस म्हणतात. सोव्हिएत गणितज्ञ कांटोरोविच यांनी 1939 मध्ये लेनिनग्राडच्या प्लायवूड कारखान्यातल्या मशिनींना काम कसं वाटावं याचं गणित मांडलं, त्यात हीच कल्पना होती. पुढे 1947 मध्ये अमेरिकेतल्या डँट्झिग यांनी असे प्रश्न सोडवायची सिंप्लेक्स पद्धत दिली, आणि 1975 मध्ये कांटोरोविच आणि कूपमन्स यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तुमचा प्रश्न त्या प्लायवूडवाल्यांच्या प्रश्नाचाच भाऊ आहे.

सोलरपासून सुरू करू, कारण त्याचीच सही तुम्ही आधी करणार असं दिसतंय. 100 चौरस फुटांत साधारण 1 किलोवॉट बसतो आणि दिवसाला सरासरी 4 युनिट देतो. तुमच्या अर्ध्या स्लॅबवर 20 किलोवॉट, म्हणजे 80 युनिट. कोटेशनमध्ये ही युनिटं बिलाच्या सरासरी दरानं धरलेली असतात. केंद्राच्या 2023 च्या नियमांप्रमाणे उद्योगांना सौर तासांत, म्हणजे राज्याचा वीज आयोग ठरवेल त्या 8 तासांत, दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी हवा आणि पीकला, म्हणजे सगळ्यात जास्त मागणीच्या तासांत, किमान 20 टक्के जास्त. पॅनल वीज देणार ती नेमकी या स्वस्त तासांतच. म्हणून तुमचं युनिट 9 चं नाही, 7.20 चं वाचतं. रोजचे 576 रुपये. आणि त्यासाठी निम्मा ओटा गेला तर रोजचे 20 क्विंटल गेले, म्हणजे 5,000 रुपये. पॅनलला माझा विरोध नाही. गोडाऊनच्या टिनावर लावा, तिथं तूर वाळत नाही. स्लॅबवर मात्र एकही नको.

दुपारची वीज स्वस्त का, हेही समजून घ्या, कारण हा फरक लवकर जाणार नाही. कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रातला 660 मेगावॉटचा संच दुपारी बंद करून संध्याकाळी परत पेटवता येत नाही. ऊन वाढलं की त्याला 55 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 363 मेगावॉटच्या आसपास खाली आणतात आणि दिवस मावळायला लागला की पुन्हा चढवतात. कोणता संच चालू ठेवायचा, कोणता किती चढवायचा, हे दिवसाच्या 96 ब्लॉकांसाठी, एकेक पंधरा मिनिटांचा, रोज ठरतं. तेही ऑपरेशन्स रिसर्चच, फक्त तिथं ‘चालू की बंद’ अशा पूर्णांकी अटी येतात म्हणून गणित जड होतं.

मग मिल दिवसा चालवा. 40 क्विंटलला 6 तास 40 मिनिटं लागतात, 8 स्वस्त तासांत आरामात बसतं. आज तुमचे 4 तास संध्याकाळी जातात, म्हणजे 240 युनिट, युनिटमागे 10.80 आणि 7.20 मधला फरक 3.60, रोजचे 864 रुपये. कागदावर सोपं आहे, पण इथं मी स्वतः एकदा ठेचकाळलोय. भंडारा रोडकडच्या एका मिलला असंच वेळापत्रक करून दिलं होतं. मुकादमानं कागद बघितला आणि विचारलं, “दिवसा माणसं ओट्यावर तूर पालटतात, मिलमध्ये पोती कोण ओतणार?” माझ्या मॉडेलमध्ये माणसांची ओळच नव्हती. संध्याकाळी मिल चालायची ती सवयीनं नव्हे, तर तेव्हा तूर गोळा करून, ढीग लावून, ताडपत्री टाकून हात मोकळे व्हायचे म्हणून. माणसांचे तास घातल्यावर उत्तर बदललं आणि दोन तास संध्याकाळीच राहिले. तेव्हापासून मुकादमाशी बोलल्याशिवाय मी अटी लिहीत नाही. तुम्हीही त्या 864 मधून जादा मजुरी वजा करूनच बघा.

आता ड्रायर. मशीनवाला म्हणेल 40 वरून 60 वर जाल. नाही जाणार. रोजच्या एका क्विंटलमागे 40 दिवस 7,000 रुपये अडकतात, म्हणजे 2 लाख 80 हजार. 1 कोटी 20 लाखांत रोजचे 42-43 क्विंटलच बसतात. ओट्याची गाठ सोडली की तीनच क्विंटलांवर पैशाची गाठ येते. इंधनाचे 70 वजा करून क्विंटलमागे 180 राहिले तर रोजचे 500 च्या आसपास. एवढ्यासाठी ड्रायरचा हप्ता कशाला घ्यायचा?

पण 40 चे 35 दिवस केलेत तर? त्याच लिमिटमध्ये जवळपास 49 क्विंटल बसतात. आणि 8 स्वस्त तासांत मिल काढते 48. म्हणजे ड्रायर आणि पाच दिवस कमी उधारी, दोन्ही मिळून रोज 8 क्विंटल जास्त, 1,440 रुपये, तेही पीकला हात न लावता. एकटी उधारी कमी केली तर फक्त व्याज वाचतं, एकटा ड्रायर घेतला तर पैसा अडतो. दोन वेगळ्या फायली केल्या असत्या तर दोन्ही प्रस्ताव नापास झाले असते. 48 च्या पुढे प्रत्येक क्विंटलला 10 युनिट महाग दरानं लागतात, 36 रुपये जास्त, म्हणून तिथं 180 चे 144 होतात.

तुरीचा साठा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण पैसे बुडतात ते इथंच. अडत्या 11 टक्क्यांनी व्याज काढून सांगेल, क्विंटलला महिन्याला 64 रुपये खर्च, भाव 150 नं वाढला की सुटलात. आज रोजच्या 40 क्विंटलांत तुमचे 1 कोटी 12 लाख गुंतलेत, 8 लाख मोकळे आहेत. त्या 8 लाखांत येणाऱ्या 114 क्विंटलपुरतं त्याचं बरोबर आहे. 115 व्या क्विंटलपासून मात्र साठ्यातला पैसा मिलच्या तोंडातून काढलेला असतो. 2 लाख 80 हजार रुपये रोजचे 250 कमावतात, म्हणजे 7,000 रुपये महिन्याला 187. त्यात 64 मिळवा. तो क्विंटल ठेवायला महिन्याला 250 पडतात, वर घट आणि किडीचं वेगळं. भाव 150 नं वाढला तरी तुम्ही तोट्यातच.

शिवाय भावाचा एकच अंदाज धरू नका. वर गेला, जागेवर राहिला, पडला, अशा तीन शक्यता घ्या आणि तिन्हीत तुमचा हप्ता सुटतो का ते बघा. तुरीची आयात 15 मे 2021 पासून खुली झाली आणि सरकार मध्येच साठ्यावर मर्यादाही आणतं. 21 जून 2024 ला तूर आणि हरभऱ्यावर आणली होती, 30 सप्टेंबरपर्यंत. ही अट तुमच्या कागदावर आज नसली तरी तिच्यासाठी एक ओळ मोकळी ठेवा.

हे सगळं एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये मावतं. पद्धत ‘सिंप्लेक्स एलपी’ निवडा आणि उत्तर आलं की सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट मागा. त्यात शॅडो प्राइस आणि ती कुठपर्यंत लागू आहे तो पल्ला, दोन्ही येतात. पल्ला वाचल्याशिवाय मशीन घेऊ नका. पूर्णांकाची अट घातली की हा रिपोर्ट मिळत नाही, म्हणून आधी तिच्याशिवाय सोडवा.

पावसाळ्याचा कागद वेगळा करा. जुलै-ऑगस्टमध्ये 3 दिवसांचे 6 झाले तर ओटा 20 वर येतो, पैसा भरपूर मोकळा राहतो, आणि तेव्हा ड्रायरचा प्रत्येक क्विंटल खरोखर कामाचा. ड्रायरचा निर्णय पावसाळ्याच्या महिन्यांवर ठरेल, उन्हाळ्यावर नाही.

आठ दिवस वहीत रोज लिहा: ओट्यावर किती पोती गेली, किती उचलली, मिल किती वाजता सुरू आणि बंद, त्या वेळी कोणती माणसं कुठं होती. आणि गेल्या सहा महिन्यांच्या उधारीच्या तारखा पार्टीवार इथं टाका, नावं न देता. पाच दिवस कोणाकडून निघतील ते आपण मिळून बघू.