फोनवर सांगितलंय म्हणजे नक्की काय सांगितलंय?

बाळा,

काल रात्री पावणेबाराला तुझा व्हॉइस मेसेज आला, सहा मिनिटांचा. पहिल्यांदा अंथरुणात ऐकला आणि मग झोप उडाली म्हणून उठून गॅलरीत बसून परत ऐकला. दुसऱ्यांदा ऐकताना मी बोटं मोजली. सहा मिनिटांत तू चौदा वेळा 'म्हणाले' म्हणालास. सुपरवायझर म्हणाले ओटीचं, म्हणजे ओव्हरटाइमचं, नंतर बघू, काँट्रॅक्टर म्हणाला सर्टिफिकेट सेफ आहेत, रांजणगावच्या नव्या कंपनीच्या मॅडम म्हणाल्या वर्षाला 3.6 लाखांचं पॅकेज फिक्स आहे, 1 तारखेला या. आणि शेवटी तुझा प्रश्न, काका राजीनामा टाकू का?

अरे कागद कुठंय?

चौदा 'म्हणाले' आणि एक कागद नाही. तू डिप्लोमा केलास, ड्रॉइंग वाचतोस, मायक्रॉनमध्ये माप घेतोस, साहेबांनी तोंडी साइज सांगितली तर जॉब लावशील का तू मशीनवर? ड्रॉइंग मागशील ना? मग स्वतःच्या पगाराच्या वेळी ड्रॉइंग का मागत नाहीस?

चिडलोय असं समजू नकोस. म्हणजे चिडलोयच, पण तुझ्यावर कमी आणि तुझ्या बापावर जास्त, आणि त्याच्याहून जास्त माझ्यावर. तुला माहितीये मी आणि तुझे बाबा भोसरीत एका खोलीत राहायचो, कॉट बेसिसवर, सहा जणांत चार कॉट, एकाची शिफ्ट सुटली की दुसरा झोपणार. दोघंही एकाच फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये, 1996 ला लागलो. पगार खाकी पाकिटात मिळायचा, वर नाव, महिना आणि रक्कम, रक्कम पेन्सिलनं लिहिलेली. पेन्सिलनं का, हे सात वर्षांत एकदाही विचारलं नाही. मालक देवमाणूस होता. दिवाळीला घरी बोलवायचा, तुझ्या आत्याच्या लग्नाला आहेर घेऊन बार्शीला आला होता. अपॉइंटमेंट लेटर मागणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं आम्हाला वाटायचं.

2003 च्या दिवाळीआधी तो म्हणाला (बघ, म्हणाला!), सुट्टीवर जाऊन या, नंतर बोलावतो. आलो तर शटर बंद, मशिनी गेलेल्या.

मी कामगार आयुक्तांच्या ऑफिसला गेलो. पीएफचा विषयच नव्हता, कारण पीएफला 20 माणसं लागायची आणि आम्ही कधी 14 कधी 16. पण ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सुटताना मिळणाऱ्या रकमेला, 10 पुरतात आणि पाच वर्षं भरली की हक्क लागतो, हे तिथल्या साहेबांनीच सांगितलं. भला माणूस होता, समोर बसवून हिशोब करून दाखवला. शेवटचा पगार 3,200, गुणिले 15, भागिले 26, गुणिले 7 वर्षं. 12,923 रुपये. मग पेन ठेवला आणि विचारलं, "तुम्ही तिथे कामाला होता याचा कागद काय आहे?"

माझ्या खिशात काय होतं सांगू? कँटीनच्या कुपनांचं अर्धं पुस्तक. त्याच्यावर शॉपचं नावसुद्धा नव्हतं, वडेवाल्याचं होतं.

पाकिटं सगळी फेकून दिली होती. एक सोडून. ते काकूनं सुया आणि शर्टाची बटणं ठेवायला घेतलं होतं, अजून आहे घरात, पण त्यावरची पेन्सिल पुसट होऊन आता नुसता चकाकतो कागद, उन्हात तिरका धरला तर तीन आकडा दिसल्यासारखा वाटतो. तुझे बाबा तर ऑफिसला आलेच नाहीत. म्हणाले मालकाची अडचण असेल. आजही तेच म्हणतात. गावी गेले आणि शेतात लागले. म्हणून 'साहेब चांगले आहेत काका' असं तू बोललास ना, तेव्हा मला तुझा नाही, त्यांचाच आवाज ऐकू आला. असतील चांगले. चांगल्या माणसाला लिहून द्यायला काय जातं?

आता तुझ्या गोष्टी. आधी रांजणगाव, कारण तिथे तू उडी मारायच्या तयारीत आहेस. 3.6 म्हणजे महिना 30,000 असं तू आईला सांगून मोकळा झालास. आत्ताच्या कंपनीत 2.64 म्हणजे 22,000 होते, हातात किती येतात? 17,000. मग पाच हजार गेले कुठं ते कधी बघितलंस? तुझी स्लिप मी समोर घेऊन बसलोय. बेसिक 14,000 आहे. त्यावर कंपनीचा पीएफ 12 टक्के, 1,680, तो तुझ्या सीटीसीत, म्हणजे कंपनीच्या तुझ्यावरच्या एकूण खर्चात, धरलाय. ग्रॅच्युइटीचे 673 धरलेत, जे तुला या महिन्यात मिळणारच नाहीत. कंपनीचं ईएसआय, म्हणजे आजारपणाच्या विम्याचं, 618. राहिले 19,029. त्यातून तुझा स्वतःचा पीएफ परत 1,680, तुझं ईएसआय 143, प्रोफेशनल टॅक्स 200, फेब्रुवारीत 300. उरले 17,006. यात कोणी चोरी केलेली नाही, हे असंच असतं. पण ज्यांनी 'तीन पॉइंट सहा' सांगितलं त्यांनी बेसिक किती, कंपनीच्या रोलवर की काँट्रॅक्टवर, प्रोबेशन किती, बस आणि कँटीनचे कापणार का, हे सांगितलं का? नाही. कारण फोनवर कोणी हे सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. पगाराच्या ब्रेकअप सकट ऑफर लेटर मेलवर येऊ दे, तोपर्यंत राजीनामा हा शब्द शॉपमध्ये काढायचा नाही. रूममेटजवळ पण नाही, तो तुझ्याच लाइनवर आहे.

आणि त्यांनी युनिफॉर्मचे, ट्रेनिंगचे, रजिस्ट्रेशनचे, कसलेही पैसे मागितले तर फोन ठेवून दे. चाकणला तळेगाव चौकापासून आंबेठाण चौकापर्यंत खांबाखांबावर 'अर्जंट भरती' चिकटवलेलं असतं, सगळे खोटे नसतात, पण नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही. हे तुला सांगावं लागू नये.

सर्टिफिकेट. ओरिजिनल दिलीस कशी रे? व्हेरिफिकेशनला दाखवायची असतात, ठेवायची नसतात. बरं दिलीस तर दिलीस, पोच घेतलीस का? नाही. आता भांडायला जाऊ नकोस. मेल टाक, साधा दोन ओळींचा, 'अमुक तारखेला माझी डिप्लोमाची मूळ मार्कशीट आणि सर्टिफिकेट आपल्याकडे जमा केली आहेत, ती मला तीन दिवसांत परत मिळावीत.' आता काँट्रॅक्टर 'आमच्याकडे नाहीत' असं लेखी देणार नाही, आणि 'देतो' असं लिहिलं तर पोच मिळाली. काही उत्तर नाही दिलं तरी तारीख पडली. तारीख पडणं महत्त्वाचं.

ओटीचंही तसंच. 84 तास म्हणतोस. फॅक्टरीत आठवड्याला 48 तासांच्या वर गेलं की दुप्पट दरानं, आपण डबल ओटी म्हणतो ते, कायद्यात आहे 1948 पासून. तुझ्या पगारानं तासाला 91-92 पडतात, डबल धरले तर 84 तासांचे पंधरा हजारांच्या वर जातात. सुपरवायझर म्हणतो कॉम्प-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, देतो. कधी देतो, किती देतो? आज रात्रीच बसून तारखा काढ, कोणत्या रविवारी किती ते किती, पंचिंगचे फोटो असतील तर लाव, आणि उद्या त्याला व्हॉट्सअ‍ॅप कर. 'सर, आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे माझे 84 तास ओटी बाकी आहे, तारखा खाली देतोय, काही चूक असेल तर कळवा.' बस. भांडण नाही, धमकी नाही, 'लेबर कमिशनर' शब्दही नाही. बोलणं झालं ना, मग त्याच दिवशी ते लिहून त्यालाच पाठवायचं. एवढी एक सवय मला पंचविसाव्या वर्षी असती तर.

पीएफचा तुला प्रश्नच पडला नाही, तो मला पडला. तू पासबुकाचा स्क्रीनशॉट पाठवलास त्यात मागचे तीन महिने कोरे आहेत आणि स्लिपवर मात्र दर महिन्याला 1,680 कापलेत. या महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो, त्यामुळे एखादा महिना मागे दिसणं ठीक, तीन नाही. पगारातून कापायचा आणि भरायचा नाही हा फौजदारी गुन्हा आहे, नुसती दिरंगाई नाही. आणि बघ, इथे तुझ्याकडे कागद आहे! स्लिप आहे. म्हणून सांगतो, सगळ्या स्लिपा आधी डाऊनलोड करून स्वतःच्या मेलवर टाक, कारण राजीनामा दिला की पोर्टलचं लॉगिन त्याच संध्याकाळी बंद होतं. हे मला कसं माहिती? मीच बंद करायचो.

हो. ते पण सांगतो, तुझ्या बाबांना मी कधी सांगितलं नाही.

शॉप बंद पडल्यावर 2004 ला मी एका कंपनीत टाइम ऑफिसला, हजेरी आणि कागदपत्रांच्या कामाला, लागलो. चौदा वर्षं केलं ते काम. नवीन पोरगा जॉइन झाला की मी त्याच्यापुढे सात-आठ कागद ठेवायचो, कर इथे सही, इथे सही, आणि त्यात एक कोरा असायचा. खाली सही, वर काही नाही. तो पुढे कधी लागला तर राजीनामा व्हायचा. माझ्या डाव्या हाताच्या ड्रॉवरमध्ये असायची ती फाइल, हिरवी, नाडीची. एकदा एका पोरानं, तुझ्याच वयाचा, परभणीकडचा, विचारलं की साहेब याची झेरॉक्स मिळेल का. मी खेकसलो त्याच्यावर, कॉपी कशाला हवी, विश्वास नाही का? माझ्याच तोंडून मालकाचं वाक्य! आठ महिन्यांनी त्याचा कागद निघाला. मीच काढून दिला.

तू म्हणशील काका, तुम्ही स्वतः भोगलं होतं तरी? भोगलं होतं म्हणूनच. मला तेव्हा अपॉइंटमेंट लेटर होतं, पीएफ होता, मुलगी आठवीत होती. मी नाही म्हटलं असतं तर त्या खुर्चीत दुसरा बसला असता आणि कागद निघालाच असता. आणि मी काहीच केलं नाही असंही नाही, नंतर नंतर मी पोरांना हळूच सांगायचो, सही करायच्या आधी मोबाइलवर फोटो काढ, मी पाणी प्यायला जातो तेवढ्यात. किती जणांनी काढले? तीन-चार. बाकीचे म्हणायचे राहू द्या साहेब, तुम्ही आहात ना.

असो. माझं पुराण पुरे.

तू कोऱ्यावर सही केलीयेस का? व्हॉइस मेसेजमध्ये 'जॉइनिंगला बऱ्याच सह्या घेतल्या' म्हणालास आणि पुढे गेलास, मला तिथेच अडकायला झालं. आठवून सांग.

काँट्रॅक्टर पळाला तर काय, असं तू मध्येच विचारलंस. काँट्रॅक्टरनं पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे 1970 च्या काँट्रॅक्ट लेबर कायद्यापासूनच आहे. पण तू त्या कंपनीच्या आत काम करत होतास हे दाखवायला गेटपास लागेल. गेटपासचा फोटो काढ, दोन्ही बाजूंनी. नोकरी सोडताना पहिल्यांदा तोच काढून घेतात.

आणि तो तुझा मित्र म्हणतो ना की आता नवीन लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, आलेत, सगळं ऑटोमॅटिक होणार. आलेत, 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही लागू झालेत, त्यात अपॉइंटमेंट लेटर प्रत्येकाला द्यायचं आहे, राजीनामा दिला की दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशोब मिटवायचा आहे. फार चांगलं. पण त्याला विचार, तुला मिळालं का लेटर? मागितलंस का? ग्रॅच्युइटीचा कायदा 1972 पासून होता, मी 2003 ला हात हलवत परत आलो. कायदा होता रे, माझ्याकडे काहीच नव्हतं.

एक अजून, मोबाइलसाठी पीएफ काढायचा विचार डोक्यातून काढ. नोकरी बदलली की तोच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, नवीन ठिकाणी द्यायचा, जुना ट्रान्सफर करायचा. पेन्शनला दहा वर्षांची सर्व्हिस लागते, दर वेळी काढून घेतलास तर दर वेळी शून्यापासून सुरू. जुन्या कंपनीनं सोडल्याची तारीख टाकलीये का तेही बघायचं, त्यावाचून पुढे अडतं.

आईला सांग शेंगाचटणी संपत आलीये. आणि तिला 30,000 चा आकडा सांगितलायस तो दुरुस्त कर, ती गावभर सांगत असेल.

उद्या तुझी सेकंड शिफ्ट आहे, म्हणजे सकाळ मोकळी. आधी स्लिपा, मग सर्टिफिकेटचा मेल, मग ओटीचा मेसेज. रांजणगावच्या मॅडमना एवढंच लिही, 'आपल्या ऑफरबद्दल आभारी आहे, ब्रेकअपसह ऑफर लेटर मिळाल्यावर जॉइनिंगची तारीख कळवतो.' पाठवायच्या आधी मला दाखवलंस तरी चालेल, मी नऊनंतर घरीच असतो. पाठवलंस की स्क्रीनशॉट टाक. 'पाठवलं काका' असं फोन करून सांगू नकोस.

तुझा
काका