म्हाकुळाचा तंतू, हाताने फिरवायचं यंत्र आणि चेतापेशीचं गणित

चेतापेशींच्या (न्यूरॉनच्या) संगणकीय मॉडेलवर, म्हणजे पेशीतला विजेचा खेळ गणितात मांडून संगणकावर चालवण्यावर, लिहिल्यानंतर बरीच पत्रं आली. त्यातल्या पाच प्रश्नांना आज उत्तरं देतो.

चेतापेशीतून आवेग कसा जातो याची आकृती आमच्या पुस्तकात आहे. ती मला येते. मग त्याचं गणित करून जास्तीचं काय कळतं? (बारावीची विद्यार्थिनी, वाई)

आवेग म्हणजे पेशीतून धावणारा विजेचा क्षणभराचा निरोप. आकृतीत काय होतं ते दिसतं, पण किती आणि केव्हा ते दिसत नाही. आणि चेतापेशीत सगळं किती आणि केव्हा यावरच ठरतं.

पेशीपटल म्हणजे मेदाचा अतिशय पातळ थर, दोन्ही बाजूंना खारं पाणी. तुझ्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला कपॅसिटर तो हाच. त्याची धारिता दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ मायक्रोफॅरड. पेशी शांत असताना आतली बाजू बाहेरच्यापेक्षा ६५-७० मिलिव्होल्टने ऋण असते. पटलातली सोडियमची दारं (यांनाच चॅनेल म्हणतात) विद्युतदाब वाढला की उघडतात. ती उघडली की सोडियम आत येतो, दाब आणखी वाढतो, आणखी दारं उघडतात. पण त्याच वेळी सोडियमचं दुसरं, संथ दार मिटायला लागलेलं असतं आणि पोटॅशियमची दारं सावकाश उघडत असतात. तिघांचे वेग वेगळे. अमुक एका धक्क्याला यातलं कोण आधी पोचेल, पेशी पेटेल की विझेल, हे तर्काने सांगून बघ. मला अजूनही सांगता येत नाही. तिथे गणितच करावं लागतं.

आमच्याकडे म्हाकूळ म्हणजे तळून खायची वस्तू. मेंदूच्या विज्ञानात तो कुठून आला? (मालवण)

हा प्रश्न वाचून फार आनंद झाला. म्हाकूळ घाबरला की पाण्याची पिचकारी मारून मागच्या मागे निसटतो. त्यासाठी अंगाचे सगळे स्नायू एकदम आवळावे लागतात, म्हणजे निरोप झटकन पोचायला हवा. आपल्या वेगवान चेतातंतूंवर मायलिनचं, म्हणजे मेदाचं, वेष्टण असतं, त्याच्याकडे ते नाही. मग वेग वाढवायचा उपाय एकच, तंतू जाड करणं. त्याचा महातंतू अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतो, नुसत्या डोळ्यांना दिसतो. आपले तंतू मिलिमीटरच्या हजारांश भागांत मोजायचे. पुढच्या वेळी ताजा म्हाकूळ चिरून उलगडाल तेव्हा आतल्या बाजूला, डोक्याकडे, चांदणीसारख्या दोन गाठी दिसतात का बघा. महातंतू तिथून निघतात.

१९३९ साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी या तंतूच्या कापलेल्या टोकातून काचेची बारीक नळी लांबवर आत सरकवली आणि आवेग जाताना आतला विद्युतदाब थेट मोजला. तोवरची समजूत अशी की आवेगाच्या वेळी दाब शून्यावर येतो. तो शून्य ओलांडून चाळीसेक मिलिव्होल्ट धन झाला! का, ते शोधायच्या आत महायुद्ध सुरू झालं आणि दोघेही युद्धकामात गेले.

युद्धानंतर त्यांनी दाब एका जागी धरून ठेवण्याचं तंत्र वापरलं. दाब धरला की आवेग उठतच नाही, आणि मग सोडियमचा प्रवाह किती, पोटॅशियमचा किती हे सुटं सुटं मोजता येतं. त्या मोजमापांवर समीकरणं बसवली. आता ती सोडवायची, तर केंब्रिजचा संगणक मोठ्या फेरबदलांसाठी सहा महिने बंद. हक्सलेंनी हाताने दांडा फिरवायच्या ब्रुन्सविगा यंत्रावर आकडेमोड केली. काही मिलिसेकंदांच्या एका आवेगाला काही दिवस लागत, आणि तंतूवरून धावणाऱ्या आवेगाला त्याहून कितीतरी जास्त.

मोजमापं घेताना आवेग धावत नव्हता, त्याला मुद्दाम थोपवलं होतं. तरी समीकरणांतून धावण्याचा वेग निघाला सेकंदाला १८.८ मीटर. प्रत्यक्ष तंतूवर मोजलेला वेग होता २१.२. वेगाचा आकडा कुठेही आत घातलेला नसताना तो बाहेर आला. ही मंडळी किती बरोबर होती हे मला याच आकड्यात सर्वांत स्पष्ट दिसतं. हे काम १९५२ मध्ये छापून आलं आणि १९६३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. समीकरणात पोटॅशियमच्या दाराला त्यांनी चौथा घात दिला होता, कारण तसा दिल्यावर आलेख जुळत होता. पोटॅशियम चॅनेल चार सारख्या भागांचं बनलेलं असतं हे कित्येक वर्षांनी कळलं. त्यांनी स्वतः मात्र लिहून ठेवलं होतं की समीकरणं जुळली एवढ्यावरून आतली यंत्रणा सिद्ध झाली असं कुणी मानू नये.

माझ्या नातवाला फिट्स येतात. तपासणीत एससीएन१ए जनुकातला दोष निघाला, म्हणजे सोडियमचे चॅनेल कमी पडतात असं सांगितलं. चॅनेल कमी असतील तर मेंदू शांत व्हायला हवा ना? (नाशिक)

आजोबा, तुमचा तर्क चुकलेला नाही. अभ्यासकांनाही हेच कोडं पडलं होतं. उत्तर असं, की हे ठरावीक चॅनेल मुख्यतः इतर पेशींना आवर घालणाऱ्या चेतापेशींत महत्त्वाचं असतं. या पेशी अतिशय भराभर आवेग सोडून बाकीच्यांना लगाम घालतात. मॉडेलमध्ये अशा पेशीचं सोडियम कमी करून बघितलं, तर एखाददुसरा आवेग ठीक येतो, पण वेगाने एकामागून एक सोडायला लागली की ती दमते. लगाम सुटतो आणि बाकीच्या पेशी उधळतात. पेशी शांत झाल्या खऱ्या, पण ज्या शांत व्हायला नको होत्या त्या.

याला व्यवहारात फार महत्त्व आहे. कार्बामॅझेपीन, लॅमोट्रिजिन अशी फिट्सवरची काही औषधं सोडियम चॅनेलच अडवतात. एससीएन१एमुळे होणाऱ्या ड्राव्हे सिंड्रोममध्ये, म्हणजे बालपणी सुरू होणाऱ्या फिट्सच्या एका गंभीर आजारात, त्यांनी त्रास वाढू शकतो. पण या जनुकाचा प्रत्येक दोष म्हणजे ड्राव्हे नव्हे. म्हणून चालू औषध मनाने बंद करू नका, फिट्सचं औषध एकदम थांबवणं धोक्याचं असतं. जनुकाचा रिपोर्ट घेऊन मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा आणि "हे औषध सोडियम चॅनेलवर काम करतं का?" हे सरळ विचारा.

एआयमधला न्यूरॉन आणि तुमचा न्यूरॉन एकच का? (पुणे)

नाही. १९४३ मध्ये मॅकलक आणि पिट्स या दोन शास्त्रज्ञांनी चेतापेशीला हो-नाही सांगणारी कळ मानलं आणि त्या धाग्यातून आजची न्यूरल नेटवर्क वाढली. त्यात पेशीपटल नाही, आयन नाहीत. नाव तेवढं राहिलं आहे.

मग अख्खा मेंदू संगणकात कधी येणार? (मूळचे कोल्हापूरचे, सध्या दुबई)

सी. एलेगन्स नावाचा एक मिलिमीटर लांबीचा कृमी आहे. त्याच्या ३०२ चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्ये छापला गेला. त्याचं सगळं वागणं अजून संगणकात उतरलेलं नाही. २०२४ मध्ये फळमाशीच्या मेंदूचा नकाशा आला, सुमारे १ लाख ३९ हजार पेशींचा. आपल्याकडे साधारण ८६०० कोटी. नकाशावरून कोण कुणाला जोडलंय ते कळतं, पण कुठल्या पेशीत कुठली चॅनेल किती, ते त्यात नसतं. म्हणून मी तारीख सांगत नाही, आणि सांगणाऱ्यांवर विसंबू नका असं म्हणेन.

याच वाचकांची मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिला घरी शिकायचंय. तिच्यासाठी: अशी मॉडेलं बनवायचं न्यूरॉन हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत उपिंदर भल्ला यांच्या प्रयोगशाळेतून मूस हे तसंच सॉफ्टवेअर आलं आहे, आणि पुण्याच्या आयसरमध्येही या विषयावर काम चालतं. पण सुरुवात सॉफ्टवेअरने करू नकोस. हॉजकिन-हक्सलेची चार समीकरणं पायथनमध्ये स्वतः लिही. चाळीसेक ओळी होतात. काळाची पायरी ०.०१ मिलिसेकंदाची ठेव, मोठी घेतलीस तर आकडे भरकटतील.

मग प्रवाह दे. दर चौरस सेंटिमीटरला ३ मायक्रोॲम्पिअर दिला की एक आवेग येईल आणि पेशी गप्प. १० दिला की सेकंदाला ७० च्या आसपास आवेग, न थांबता. २०० दे, पेशी पुन्हा जवळजवळ गप्प, कारण सोडियमचं संथ दार उघडायला उसंतच मिळत नाही. त्यानंतर उलटा प्रवाह दे, उणे १०, पन्नास मिलिसेकंद, आणि एकदम बंद कर. कुणीही धक्का दिलेला नसताना पेशी आवेग सोडेल. त्या क्षणी सोडियमचं संथ दार आणि पोटॅशियमचं दार किती उघडं होतं, दोन्हींचे आलेख एकाखाली एक काढ. कारण तुझं तुलाच सापडेल. सापडलं की मला लिही.