यादीत कोण राहिलं, कोण सुटलं

वाचकांचे प्रश्न : मैदान

प्रश्न : बाई, नमस्कार. मी कॉलेजात शिकते आणि सॉफ्टबॉल खेळते. अमेरिकेतले रात्रीचे बेसबॉल सामने आपल्याकडे सकाळी लागतात, ते क्लासला जाण्याआधी बघते. 2022 मध्ये सॅन दिएगो पाद्रेसनी हुआन सोटोसाठी आपली चांगली चांगली पोरं देऊन टाकली, तेव्हा त्यांची 'फार्म', म्हणजे खेळाडू तयार करणारे खालचे संघ, उजाड झाली असं सगळे म्हणत होते. जनरल मॅनेजरच्या, म्हणजे संघ बांधणाऱ्या अधिकाऱ्याच्या, एका निर्णयाने खालचे संघ खरंच इतके बिघडतात का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : सौद्याची बातमी होते, म्हणून सगळ्यांच्या तोंडी सौदाच असतो. पण फार्म घडते किंवा बिघडते ती बहुतेक वेळा बातमी न होणाऱ्या निर्णयांनी. माझं हे मत पक्कं आहे आणि ते का, हे नीट सांगते.

आधी रचना बघ. मुख्य संघात 26 खेळाडू. त्यांना धरून 40 जणांची एक राखीव यादी. खाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए असे चार संघ, त्याखाली फ्लोरिडा किंवा अ‍ॅरिझोनातलं नवशिक्यांचं केंद्र, आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची लीग. 2021 च्या फेररचनेत क्लबांशी जोडलेले खालचे संघ 160 वरून 120 वर आणले. ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंना क्लबांनी पाळीपाळीने निवडण्याच्या, फेऱ्या 2019 पर्यंत 40 होत्या, आता 20 आहेत. 2024 पासून अमेरिकेतल्या खालच्या संघांत मिळून एका क्लबला 165 च मुलं ठेवता येतात, पूर्वी 180 ठेवता यायची. म्हणजे एकाला ठेवायचं तर दुसऱ्याला घरी पाठवावं लागतं. कोणाला, हे जनरल मॅनेजरची माणसं ठरवतात, आणि ती माणसं तोच नेमतो : मुलं शोधणारे स्काउट, त्यांना शिकवणारे कोच, सगळे.

आता सोटोचा सौदा. पाद्रेसचे जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलर यांनी अब्रॅम्स, गोर, वूड, हॅसेल आणि सुसाना असे पाच तरुण वॉशिंग्टनला दिले. शिवाय एक अनुभवी खेळाडू. त्या वर्षी पाद्रेस नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत पोचले. डिसेंबर 2023 मध्ये सोटो यँकीजकडे गेला, बदल्यात मायकेल किंगसारखा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आला. दिलेल्यांपैकी अब्रॅम्स 2024 मध्ये, गोर आणि वूड 2025 मध्ये ऑल-स्टार झाले, म्हणजे त्या वर्षीच्या निवडक खेळाडूंत आले. किंमत मोठी, यात शंका नाही. पण घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही आपण काय करतोय हे ठाऊक होतं.

मला जास्त दुःख होतं ते 1987 च्या गोष्टीचं. ऑगस्टमध्ये डेट्रॉइट टायगर्सना एक अनुभवी पिचर हवा होता. अटलांटाने डॉयल अलेक्झांडर दिला आणि बदल्यात डबल-एमधला वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ मागून घेतला. अलेक्झांडर उरलेल्या हंगामात नऊ सामने जिंकला, एकही हरला नाही. टायगर्सनी आपला विभाग जिंकला, पण पुढच्याच मालिकेत ते मिनेसोटाकडून हरले. 1989 मध्ये हाच संघ 103 सामने हरला. स्मोल्ट्झ मिशिगनचाच, म्हणजे डेट्रॉइटच्या घरचा मुलगा. त्याने पुढे 213 विजय आणि 154 सेव्ह (शेवटी येऊन राखलेले विजय) मिळवले आणि 2015 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. दिला तेव्हा त्या हंगामात तो चार सामने जिंकून दहा हरला होता! वीस वर्षांच्या मुलाचे आकडे बघायचे की त्याचा हात बघायचा, हा प्रश्न शाळेच्या मैदानावर मलाही दरवर्षी पडायचा. मी हात बघते.

आता बातमी न होणारे निर्णय. त्यांत सगळ्यात मोठा, 40 च्या यादीचा. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करार झालेल्या मुलाला पाच हंगाम, एकोणीस किंवा त्यापुढच्याला चार हंगाम क्लब यादीबाहेर ठेवून सांभाळू शकतो. मग यादीत घ्या, नाहीतर डिसेंबरच्या 'रूल 5' ड्राफ्टमध्ये दुसरा क्लब त्याला एक लाख डॉलरला उचलू शकतो. उचलणाऱ्याने मात्र त्याला वर्षभर मुख्य संघात ठेवायचं.

रॉबर्तो क्लेमेंते असाच सुटला. ब्रुकलिन डॉजर्सनी 1954 मध्ये पोर्तो रिकोच्या या एकोणीस वर्षांच्या मुलाला दहा हजार डॉलरचा बोनस देऊन घेतलं. तेव्हाचा नियम असा, की चार हजारांवर बोनस घेतलेला मुलगा मुख्य संघात ठेवला नाही, तर हंगामाअखेर इतरांना खुला होतो. डॉजर्सच्या मुख्य संघात जागा नव्हती, म्हणून त्याला माँट्रियलच्या आपल्या खालच्या संघात पाठवलं आणि तिथेही फारसं खेळवलं नाही. तरी पिट्सबर्ग पायरेट्सच्या माणसाने त्याला सरावात बघितलंच. तळाला राहिल्यामुळे पायरेट्सना पहिली निवड होती. नोव्हेंबर 1954 मध्ये त्यांनी चार हजार डॉलरला क्लेमेंते उचलला. पुढे नेमके 3,000 हिट, क्षेत्ररक्षणाचे बारा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार, 1960 आणि 1971 ची वर्ल्ड सिरीज. त्या वेळी पायरेट्सचे जनरल मॅनेजर होते ब्रँच रिकी, ज्यांनी सेंट लुईस कार्डिनल्समध्ये ही फार्मची पद्धतच उभी केली होती. ब्रुकलिनने कुणाशी सौदा केला नव्हता. एक नाव यादीत घेतलं नाही, एवढंच.

दुसरा निर्णय पैशाच्या वाटपाचा. 2012 मध्ये ह्यूस्टनचे जनरल मॅनेजर जेफ लूनाव यांनी ड्राफ्टमधली पहिली निवड म्हणून कार्लोस कोरेआ घेतला. त्या जागेची ठरलेली रक्कम 72 लाख डॉलर होती, करार 48 लाखांवर झाला. वाचलेल्या पैशातून 41 व्या क्रमांकावर लान्स मॅककलर्सला 25 लाख देता आले, नाहीतर तो कॉलेजला गेला असता. 2017 च्या विजेत्या संघात दोघेही होते. मग प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरण्याचं प्रकरण उघड झालं. 2020 मध्ये लूनाव गेले, आणि क्लबच्या 2020 व 2021 च्या पहिल्या दोन फेऱ्यांच्या निवडीही गेल्या. अटलांटाचं याहून वाईट झालं होतं. परदेशी मुलांच्या करारांत गैरप्रकार केल्याबद्दल 2017 मध्ये त्यांच्या फार्ममधली तेरा मुलं मोकळी करण्यात आली. गुन्हा वरच्या कार्यालयात झाला, पोरं मात्र एका दिवसात बेघर झाली. याचा मला अजूनही राग येतो.

तिसरा निर्णय, मुलाला वर कधी न्यायचं. 2015 मध्ये क्रिस ब्रायंटने सराव सामन्यांत नऊ होमरन मारले, तरी शिकागो कब्जने त्याला ट्रिपल-एला पाठवलं आणि 17 एप्रिलला वर आणलं. मुख्य संघातल्या सेवेचं एक वर्ष 172 दिवसांचं धरतात. त्याचे भरले 171. एका दिवसाने क्लबला त्याच्यावर आणखी एक वर्ष हक्क मिळाला. त्याने तक्रार केली, 2020 मध्ये तो हरला. नियमात बसणारं होतं, पण मला ते पटत नाही. तयार मुलाला खाली अडकवलं, की त्याच्या मागच्या मुलाचीही पायरी अडते. क्लब आणि खेळाडूंच्या 2022 च्या करारात, गाजणाऱ्या नवख्याला पहिल्या दिवसापासून खेळवणाऱ्या क्लबला जादा ड्राफ्ट निवड मिळण्याची सोय केली, ते बरं झालं.

हेच क्रिकेटमध्ये बघायचं तर आपल्या इंदूरचा होळकर संघ घे. होळकर महाराजांनी सी. के. नायडूंना इथे आणलं. 1944-45 च्या रणजी अंतिम सामन्यात डेनिस कॉम्पटन होळकरांकडून खेळले. मुश्ताक अली मात्र इंदूरचेच. बाहेरचे आणि घरचे मिळून चार वेळा करंडक आला. 1954-55 नंतर संघ संपला, आणि मध्य प्रदेशला रणजी जिंकायला 2022 उजाडलं. बोलावून आणलेली ताकद राजाश्रयाबरोबर गेली, खालून येणारी उभी करायला कितीतरी पिढ्या लागल्या.

तेव्हा पाद्रेसचं काय, असं विचारशील तर दरवर्षी नोव्हेंबरात ते 40 च्या यादीत कोणाला घेतात ते बघ. सोटोच्या सौद्यापेक्षा त्यातून जास्त कळेल.

प्रश्न : माझा नातू बेसबॉलचं वेड घेऊन बसला आहे. या खालच्या संघांतल्या मुलांचं पोट भरतं का?
— एक आजोबा, इंदूर

उत्तर : आजोबा, बरीच वर्षं भरत नव्हतं. 2023 मध्ये खालच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला, तेव्हा नवशिक्या केंद्रातल्या मुलाचा किमान वार्षिक पगार 4,800 डॉलरवरून 19,800 वर आणि ट्रिपल-एचा 17,500 वरून 35,800 वर गेला. राहण्याची सोय क्लबांनी त्याआधीच्या वर्षी सुरू केली. अमेरिकेच्या खर्चात हे आजही थोडकंच आहे. नातवाला खेळू द्या, पण शिक्षण सुटू देऊ नका.

प्रश्न : भारतातलं कोणी या फार्ममध्ये गेलं आहे का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : हो. उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघेही भालाफेकपटू, एका टीव्ही स्पर्धेतून निवडलेले. नोव्हेंबर 2008 मध्ये पायरेट्सनी त्यांच्याशी करार केला. दिनेश 2010 मध्ये मोकळा झाला, रिंकू सिंगल-एपर्यंत चढला. त्या वेळचे जनरल मॅनेजर नील हंटिंग्टन. त्यांनीच जुलै 2018 च्या सौद्यात पिचर क्रिस आर्चरसाठी टायलर ग्लासनाव, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ हे तिघे टॅम्पा बेला दिले. आर्चर पायरेट्सकडे चमकला नाही, आणि 2019 च्या हंगामानंतर हंटिंग्टन यांची नोकरी गेली.