आधी डबा उलटा कर

तू दाखवलेल्या त्या प्री-वर्कआउटच्या (व्यायामाआधी प्यायच्या पावडरच्या) डब्याची मागची बाजू वाचलीस का? 'प्रोप्रायटरी ब्लेंड' (म्हणजे कंपनीचं स्वतःचं मिश्रण) असं भारदस्त नाव, खाली दहा घटक आणि सगळ्यांचं मिळून एकच वजन. त्यात कॅफीन किती आणि नावापुरतं चिमूटभर काय टाकलंय, काही पत्ता लागत नाही. प्यायल्यावर चेहऱ्याला मुंग्या येतात, ती त्यातल्या बीटा-अ‍ॅलनिन या अमिनो आम्लाची करामत. त्या आल्या म्हणजे पावडर 'लागू पडली' असं नसतं. (मीही वर्षभर त्या मुंग्यांवर भाळलो होतो.)

जाहिरातीतले 'आधी-नंतर'चे फोटो तर एकाच दुपारी निघू शकतात. आधी पोट सोडून, मग थोडं वजन मारून, अंगाला तेल चोपडून, दिवा वरून लावून.

प्रोटीन पावडर घेतलीसच तर घटकांत ग्लायसिन किंवा टॉरिन ही अमिनो आम्लं वेगळी घातलीयत का ते बघ. नेहमीच्या चाचणीत नायट्रोजन मोजून प्रोटीन ठरवतात, म्हणून त्यांच्यातल्या नायट्रोजनमुळे प्रोटीनचा आकडा फुगतो. ताकदीसाठी घेतात त्या क्रिएटिन मोनोहायड्रेटवर मात्र भरपूर संशोधन झालंय. रोज ३ ते ५ ग्रॅम, साधंच घे. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचार. टेस्टोस्टेरॉन बूस्टरच्या (पुरुषी हार्मोन वाढवण्याचा दावा करणाऱ्या गोळ्या-पावडरींच्या) वाटेला जाऊ नकोस. आणि विक्रीच्या वेबसाइटवरचं ते 'फक्त आजच सवलत'वालं उलटं घड्याळ? पान पुन्हा उघड, परत पहिल्यापासून सुरू होतं की नाही बघ.