दवाखान्यातच पडून आईचा खुबा मोडला. न्यूमोनिया असताना ऑपरेशन करावं का?

तुम्ही लिहिलंय की आई 81 वर्षांच्या, न्यूमोनियासाठी दाखल होत्या, पाचव्या रात्री बाथरूमकडे जाताना पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हाडांचे डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, छातीचे डॉक्टर थांबा म्हणतात, आणि भावाला वाटतं या वयात चिरफाड नको, पायाला वजन लावून पडून राहू दे. मी 16 वर्षं हाडांच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन मी करत नाही, पण त्यानंतर पेशंटला उभं करणं हे माझं काम, आणि ज्यांचं ऑपरेशन झालं नाही त्यांनाही मीच बघते. म्हणून आधी तुमच्या भावाचं बोलणं घेते.

वजन लावायचं म्हणजे कित्येक आठवडे उताणं पडून राहायचं. मोडलेल्या खुब्याच्या पेशंटची चादर बदलायला गेलं की काय होतं ते मी रोज बघते. पाय आखूड झालेला, पाऊल बाहेरच्या बाजूला कललेलं, आणि चादर नुसती ओढली तरी श्वास रोखून हात कठड्यावर आवळलेला. असं माणूस कूस बदलत नाही, खोकत नाही, पाणीही कमी पितं. मग माकडहाडावर आणि टाचांवर जखमा, पायात रक्ताची गुठळी, लघवीचं इन्फेक्शन. न्यूमोनियात आम्ही पेशंटला ताठ बसवतो, कफ काढायला लावतो. तुमच्या आईंना बसवणार कसं? पाय स्थिर झाल्याशिवाय छातीवरचे उपचारही धड करता येत नाहीत, हे तुमच्या भावाला शांतपणे सांगा. ऑपरेशनचा पहिला हेतू दुखणं थांबवून त्यांना बिछान्यातून उठवणं हा आहे. चालणं त्याच्या पुढचं.

छातीच्या डॉक्टरांचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. दवाखान्यात दुसऱ्या आजारासाठी दाखल असताना खुबा मोडतो तेव्हा घरी पडून आलेल्यांपेक्षा धोका जास्त असतो, कारण शरीर आधीच थकलेलं असतं. म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकत्र उभं करून एकच विचारा : नेमकं काय सुधारायला थांबतोय आणि त्याला किती तास लागतील? ऑक्सिजन खूप लागतोय, सोडियम बिघडलंय, रक्त फार कमी आहे, हृदयाचे ठोके अनियमित आहेत, साखर आटोक्यात नाही, रक्त पातळ करायची औषधं चालू आहेत, ही खरी कारणं. त्यांवर लगेच उपाय सुरू करता येतो. ‘जरा बरं वाटू दे, मग बघू’ हे कारण नव्हे. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ऑपरेशन दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हायला हवं. 2020 मध्ये 17 देशांतल्या 2970 पेशंटवरचा अभ्यास आला. साधारण 6 तासांत ऑपरेशन झालेल्यांत आणि 24 तासांत झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण जवळपास सारखंच, 9 आणि 10 टक्के. पण लवकर झालेले लवकर उभे राहिले आणि त्यांच्यात बरळणं, भ्रम होणं कमी होतं. म्हणजे काही तासांच्या उशिराने घाबरून जायचं कारण नाही. दिवसांमागून दिवस जाऊ देऊ नका, एवढंच.

तोवर दुखण्याचं काय? मांडीच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन, म्हणजे नर्व्ह ब्लॉक, मागून घ्या. त्यामुळे गुंगी आणणारी औषधं कमी लागतात आणि छातीला त्याचा फायदा होतो.

ऑपरेशन कोणतं ते हाड कुठे मोडलंय त्यावर ठरतं. मांडीच्या हाडाच्या मानेशी, म्हणजे वरच्या गोळ्याच्या लगेच खाली, मोडून सरकलं असेल तर गोळ्याचा रक्तपुरवठा बऱ्याचदा तुटतो, हाड सहसा जुळत नाही, म्हणून तो गोळा (बॉल) बदलतात. त्याखाली मोडलं असेल तर रॉड किंवा प्लेट-स्क्रू. भूल पाठीत द्यावी की पूर्ण, यावर फार डोकं शिणवू नका. 2021 च्या 1600 पेशंटच्या अभ्यासात साठ दिवसांनी फरक दिसला नाही.

आता कठीण भाग. खुबा मोडलेल्या वयस्क माणसांपैकी साधारण 20 ते 30 टक्के वर्षभरात दगावतात, आणि जगलेल्यांतले बरेच जण पूर्वीइतकं चालत नाहीत. आई आजारापूर्वी स्वतः चालत होत्या का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा प्रश्न तोच. चालत होत्या तर मी ऑपरेशनच्या बाजूने आहे. आधीपासूनच अंथरुणाला खिळलेल्या आणि शेवटच्या टप्प्यात असतील, तर ऑपरेशन न करता फक्त वेदना थांबवणं हाही प्रेमाने घेतलेला निर्णय असू शकतो. नेदरलँड्समध्ये शुश्रूषागृहातल्या अशा अतिशय अशक्त पेशंटवर अभ्यास झाला. ऑपरेशन न केलेले बहुतेक जण महिनाभरात गेले, पण त्यांचे उरलेले दिवस ऑपरेशन केलेल्यांपेक्षा वाईट गेले नाहीत.

ऑपरेशन झालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओ येतील आणि आई म्हणतील, ‘आज नको.’ तेव्हा तुम्ही त्यांच्या बाजूने बोलू नका. आधी दुखण्याचं औषध द्यायला लावा, चष्मा आणि कानाचं मशीन लावा, मग पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवू द्या. पहिल्या दिवशी वॉकर धरून दोन पावलं झाली तरी खूप. रात्री त्या तुम्हाला ओळखणार नाहीत, भिंतीवर काहीतरी दिसतंय म्हणतील, असंही होऊ शकतं. हा डिलिरियम, बऱ्याचदा काही दिवसांत ओसरतो. त्यांच्याशी वाद घालू नका, दिवा लावून हात धरून बसा, आणि नर्सला त्याच वेळी सांगा, कारण मागे इन्फेक्शन किंवा तुंबलेली लघवी असू शकते.

आणि घरी सोडताना कागदावर हाडं ठिसूळ होऊ नयेत याचं औषध आहे का ते बघा. पडल्यावर खुबा मोडला म्हणजे हाड आधीच ठिसूळ होतं, तरी हे औषध फार वेळा राहून जातं. वर्षातून एकदा शिरेतून द्यायच्या झोलेड्रोनिक अ‍ॅसिडने खुब्याच्या ऑपरेशननंतर नवीन फ्रॅक्चर 35 टक्क्यांनी कमी झाल्याचं 2007 मध्येच दिसलं होतं. त्याआधी किडनीची आणि व्हिटॅमिन डीची तपासणी लागते, ती दाखल असतानाच करून घ्या.