‘मी काय केलो?’ असे आजी म्हणते तेव्हा

वाचकांच्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी एकाच विषयावरची आहेत : घरातील वडीलधाऱ्यांनी केलेले काम मानाने सांगावे कसे आणि त्यांच्या आयुष्याची हकिकत टिकवावी कशी. पत्रे संक्षेपाने दिली असून पत्रलेखकांच्या इच्छेप्रमाणे नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या आजीला ऐंशी वर्षे पूर्ण झाली असावीत असे धरून घरात सहस्रचंद्रदर्शनाचा बेत चालला आहे. आजोबा लवकर गेले. आजीने चार एकर भातशेती सांभाळून तीन मुलांना शिकवले. मंगल कार्यालय घ्यावे, शाल-श्रीफळ आणि मानपत्र द्यावे, असे काकांचे म्हणणे आहे. मला मात्र तिची हकिकत लिहून काढायची आहे. पण विचारले की ती म्हणते, ‘मी काय केलो ग? सगळी करत्यात तेच केलो.’ तिची जन्मतारीखही कोणाला ठाऊक नाही. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचिका, येळ्ळूर

उत्तर : सोहळा अवश्य करा. ऐंशी वर्षे आणि सुमारे दहा महिने पूर्ण केलेल्या माणसाच्या आयुष्यात हजार पौर्णिमा होऊन गेलेल्या असतात, आणि त्यानिमित्ताने घर एकत्र येत असेल तर ते चांगलेच आहे. मला काळजी वाटते ती मानपत्राची. ‘कष्टाळू, प्रेमळ, त्यागमूर्ती’ हे शब्द असलेली मानपत्रे मी पुष्कळ ऐकली आहेत, आणि नाव बदलले तर त्यांतले प्रत्येक मानपत्र शेजारच्या घरातही चालले असते. तुमच्या आजीने कोणत्या वर्षी कोणाच्या फीसाठी बैल विकला, नट्टीच्या म्हणजे भातलावणीच्या दिवसांत तान्हे मूल बांधावर कोणाच्या भरवशावर ठेवले, बेळगावच्या रविवार पेठेत तांदूळ घालताना भाव ठरवायला ती स्वतः उभी राहत असे की दिराला पुढे करावे लागे, हे त्या शब्दांत कोठेच येत नाही.

‘मी काय केलो’ हे ती लाजेने म्हणते असे समजू नका. तिला खरोखरच तसे वाटत असणार, कारण शेताच्या उताऱ्यावर आधी आजोबांचे नाव होते आणि मग मुलांचे लागले. भांगलण, कापणी, मळणी, वैरण, शेणी यांची नोंद कोणत्याच वहीत झाली नाही. जे काम कधी कोणी मोजले नाही, ते करणाऱ्यालाही मोजता येत नाही. म्हणून ‘तुझे आयुष्य सांग’ असा प्रश्न विचारू नये, कारण त्याला उत्तर नसते. एखादे काम धरून विचारावे. तांदूळ निवडताना किंवा लसूण सोलताना, हात कामात असताना, शेजारी बसावे आणि विचारावे : आपल्या शिवारात बासमती होता तेव्हा रोप कधी टाकायची? पैऱ्याने (एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबायला) कोण कोण यायचे, आणि तू कोणाकडे जायचीस? पहिली कापणी तू एकटीने केलीस, त्या सुगीला खळ्यावर रात्री कोण झोपले होते? या शेवटच्या प्रश्नाला बहुधा मोठे उत्तर मिळेल, कारण एकट्या बाईने खळे राखणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

जन्मतारखेचा प्रश्न आपल्या भागात घरोघर आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकले, अशी माणसे तुम्हाला प्रत्येक गल्लीत भेटतील, आणि जी शाळेतच गेली नाही तिच्यापाशी तेही नसते. अशा वेळी तारीख सोडून घटना धरावी. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, तेव्हा तिला आण्यांचा हिशेब येत होता का? गोवा मुक्त झाला त्या १९६१ च्या डिसेंबरात बेळगावात लष्कराच्या गाड्यांची गर्दी झाली होती, तेव्हा ती माहेरी होती की सासरी? कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, तेव्हा तिच्या कुशीत कोणते मूल होते? १९७२ च्या दुष्काळात घरात काय शिजत होते? चार-पाच घटनांशी लग्न आणि मुलांचे जन्म जुळवून घेतले की वर्ष आपोआप हाती येते, आणि शिवाय त्या घटनाही तिच्या अंगणातून दिसू लागतात.

एक विनंती अगदी कळकळीने करतो. आजी ‘मी केलो’, ‘मी गेलो’, ‘मी बघितलो’ असे बोलत असेल तर लिहिताना त्याचे ‘मी केले’, ‘मी गेले’ करू नका. बायकांनी ‘मी आलो’ म्हणणे हे आपल्या बेळगावी मराठीचे लक्षण आहे. कन्नडच्या शेजाराने आणि शिवारातल्या कामाने घडलेली ती भाषा आहे. तुम्ही तुमचे निवेदन प्रमाण मराठीत लिहा, पण अवतरणचिन्हांत तिचेच बोल राहू द्या. शुद्ध केलेल्या वाक्यात तिचा आवाज ऐकू येणार नाही, आणि वीस वर्षांनी तुमच्या मुलीला हवा असेल तो आवाजच.

फोनवर ध्वनिमुद्रण करायचे असेल तर तिला सांगून करा. सुरुवातीला दिवस, ठिकाण आणि हजर असलेल्यांची नावे बोलून ठेवा. एका वेळी अर्ध्या-पाऊण तासापेक्षा अधिक बसवू नका, आणि त्याच संध्याकाळी मुद्रणाची प्रत आणखी एका ठिकाणी उतरवा. भावाभावांच्या वाटणीची कडवट गोष्ट निघेल. ती ऐकून घ्या, टिपूनही ठेवा, पण ‘हे छापू नको’ असे ती म्हणाली तर तिचा शब्द शेवटचा. मुले नाराज होतील म्हणून मात्र तुम्ही आपण होऊन काही गाळू नका.

माझी आई लग्नाकार्यात मांडे करायला बोलावली जात असे. उपड्या खापरावर हातभर मांडा पसरताना तिचे मनगट कसे वळे हे मला आजही दिसते. पण ती हे कोणाकडून शिकली, पहिला मांडा फाटला तेव्हा कोण रागावले, परक्या घरी दिवसभर चुलीपुढे बसल्यावर तिला काय मिळत असे, हे मी कधीच विचारले नाही. तिला जाऊन बरीच वर्षे झाली. खापर अजून माळ्यावर आहे. तुमच्यापाशी विचारायला आजी आहे, म्हणून कार्यालय ठरण्याची वाट न पाहता याच आठवड्यात बसा. सोहळ्याच्या दिवशी मानपत्राच्या जागी तिच्याच शब्दांतले दोन-तीन प्रसंग तुम्ही उभे राहून वाचा, मात्र आधी तिला एकटीला वाचून दाखवून.

प्रश्न : आमची आई मूळची गोकाककडची, कन्नड घरातली. लग्नानंतर निपाणीत आली आणि जन्मभर आमच्याशी मराठीच बोलली. तंबाखूच्या वखारीत काम करून तिने घर चालवले. आता विस्मरण वाढले असून ती एकाएकी कन्नड बोलू लागली आहे. आम्हा भावंडांना ते नीट कळत नाही आणि खरे सांगायचे तर थोडा संकोचही वाटतो. तिच्या आठवणी आता कशा नोंदवाव्यात?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : विस्मरणाबद्दल डॉक्टरांचा सल्ला घेतला नसेल तर तो आधी घ्यावा. अशा अवस्थेत नंतर शिकलेली भाषा आधी मागे पडते आणि आईच्या मांडीवर शिकलेली भाषा टिकून राहते, असे पुष्कळदा दिसते. त्यामुळे ती तुमच्यापासून दूर जात आहे असे मानू नका. ती तुम्हाला कधीच न दिसलेल्या घरात जात आहे, आणि तिच्या आयुष्याची पहिली पंधरा-वीस वर्षे तेथेच आहेत. सीमाभागात भाषेच्या प्रश्नावर आपण पुष्कळ सोसले आहे, म्हणून तुमचा संकोच मला समजतो. पण त्या प्रश्नाचे ओझे एका म्हाताऱ्या आईच्या ‘बा इल्ली’वर (‘ये इकडे’वर) घालू नये. तुमच्यासाठी तिने आपली भाषा साठ वर्षे बाजूला ठेवली. तिने केलेल्या कामांची यादी कधी केलीत, तर वखारीतल्या कामाच्या आधी हे लिहावे लागेल.

तिच्या माहेरचे कोणी, भावाची सून असो वा नात, महिन्यातून एकदोनदा येऊन तिच्याजवळ बसू शकेल का ते पाहा. बोलणे कन्नडमध्येच होऊ द्या आणि ते मुद्रित करा. मग जाणत्याकडून ते कन्नड लिपीत लिहून घ्या, खाली देवनागरीत उच्चार द्या आणि शेवटी मराठी अर्थ. मधली ओळ तुमच्या मुलांसाठी आहे. आजीचे वाक्य त्यांना स्वतःच्या तोंडाने म्हणता येईल. ‘तुला आठवते का?’ असे मात्र विचारू नका, त्याने ती गोंधळेल. जुनी साडी, तंबाखूचे पान, माहेरच्या देवाचे चित्र हातात द्या आणि गप्प राहा. वखारीतल्या दिवसांची हकिकत तिच्याबरोबर काम केलेल्या बायकांकडून मिळवा, आणि तीही लवकर. १९८१ च्या तंबाखू आंदोलनाविषयी लिहिले जाते तेव्हा त्यात महामार्ग अडवून बसलेले शेतकरी असतात. त्या दिवसांत वखारीतल्या बायकांच्या घरी चूल कशी पेटली, हे त्या बायकाच सांगू शकतील.

प्रश्न : आजोबा सीमासत्याग्रहात तुरुंगात गेले होते आणि चालता येत होते तोवर दर १७ जानेवारीला सीमालढ्यातील हुतात्म्यांना वंदन करायला बेळगावच्या हुतात्मा चौकात जात. त्यांच्या ट्रंकेत मोडी लिपीतले कागद, पत्रे, दाखले आणि फोटो आहेत. कागद पिवळे पडून कडा तुटत आहेत. लॅमिनेशन करून घ्यावे काय?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : लॅमिनेशन मुळीच करू नका, उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक कागद न फाडता पुन्हा काढता येत नाही. सेलोटेपही नको, तो काही वर्षांत कागदावर तपकिरी डाग ठेवतो. घड्या हलक्या हाताने उलगडून, सावलीच्या उजेडात प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि कागद कोऱ्या कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा. खानापूरच्या पावसात ट्रंक जमिनीवर आणि भिंतीला टेकून ठेवणे टाळा. मोडीतला एकही कागद वाचून घेण्यापूर्वी टाकू नका. दाखले वर्षानुसार लावलेत तर एक गोष्ट दिसेल : मुंबई राज्य, १ नोव्हेंबर १९५६ नंतर म्हैसूर, १९७३ पासून कर्नाटक, अशी नावे बदलत गेली आणि त्याखाली गावाचे नाव तेच राहिले. सत्याग्रहाला जाणाऱ्या माणसाच्या मनात काय होते, ते समजायला ही चळत उपयोगी पडेल.

आता तुमच्या पत्रात नसलेल्या एका व्यक्तीविषयी. आजोबा तुरुंगात होते तेव्हा घरातली जनावरे, पेरणी आणि मुले कोणी सांभाळली? आजी हयात असतील तर ट्रंकेतले फोटो घेऊन त्यांच्यापाशी बसा, नसतील तर आत्यापाशी. फोटोतल्या प्रत्येक चेहऱ्याचे नाव विचारून मऊ पेन्सिलीने मागच्या बाजूला, कडेजवळ, दाब न देता लिहा. नाव आठवले नाही तर जागा मोकळी ठेवून पुढच्या माणसाला विचारा.